पाण्याला भिणारा वल्हेकरी

पंढरपूरला चंद्रभागेत होडीत बसलं की नावाडी आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो. म्हणजे होडी ज्या तीराला निघाली आहे, त्या तीराकडे त्याची पाठ असते. लहानपणी आजीबरोबर सोलापूरहून एसटीने पंढरपूरला जायचो, तेव्हा मला याची धास्ती वाटायची. नावाडीमामांना पुढचं दिसतच नाही, मग होडी नीट कशी जाणार? शेवटी आजीनेच त्यांना विचारलं. दोन्ही वल्ही ओढता ओढता त्यांनी हनुवटीने मागे पडलेल्या पुंडलिकाच्या देवळाकडे खूण केली. "त्यो कळस समोर धरायचा मावशी. कळस हालला न्हाई म्हंजे होडी सरळ."

पुढे बऱ्याच वर्षांनी रोइंगबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं, की ऑलिम्पिकमधला खेळाडूही हेच करतो. शर्यत संपायची जागा त्याच्या पाठीमागे असते. समोर असतो तो मागे पडत चाललेला किनारा. त्यातली एखादी खूण नजरेत धरून तो 2000 मीटर सरळ जातो, अधूनमधून मान वळवून मागे पाहतो आणि पुन्हा ओढायला लागतो.

होडी हाकायची दुसरीही एक रीत आहे. तोंड पुढे करायचं, हातात एकच वल्हं घ्यायचं आणि ते होडीला कुठेही न अडकवता पाण्यात खुपसून मागे लोटायचं. जगातल्या अनेक आदिवासी जमाती अशा होड्या चालवत आल्या आहेत. खेळात आल्यावर तिला कॅनोइंग म्हणू लागले. रोइंगमध्ये वल्हं होडीच्या कडेला बसवलेल्या खाचेत फिरतं, कॅनोइंगमध्ये ते मोकळं, फक्त हातात असतं. रोइंगमध्ये माणूस उलटा बसतो, कॅनोइंगमध्ये सुलटा. दोन्ही खेळ ऑलिम्पिकमध्ये आहेत, रोइंग 1900 पासून आणि कॅनोइंग 1936 पासून. आपल्याकडे वर्तमानपत्रांतून 'नौकानयन' म्हणून दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात, म्हणून हा फरक आधीच सांगून ठेवला.

या प्रकरणातला मुख्य माणूस नाशिक जिल्ह्यातला आहे. पण त्याच्याकडे जाण्याआधी एका बल्गेरियन खेळाडूला भेटलं पाहिजे, कारण त्याच्याशेजारी उभं केल्यावर आपल्या माणसाची वाट किती निराळी होती ते दिसतं.

निकोलाय बुखालोव्ह 1967 साली कार्लोव्हो या गावी जन्मला. बाल्कन डोंगराच्या पायथ्याचं हे गाव. गुलाबाच्या शेतीसाठी हा सगळा पट्टा प्रसिद्ध आहे, आणि समुद्र तिथून बराच लांब. बुखालोव्हचा प्रकार सी-वन, म्हणजे एकट्याचा कॅनो. या होडीत बसायचं नसतं. एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढे रोवायचा आणि एकाच बाजूने वल्हं मारत राहायचं. एकाच बाजूने मारल्यावर होडी दुसऱ्या बाजूला वळणारच. सुकाणू नसतं. म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगटाला पीळ देऊन वल्ह्याचं पातं किंचित फिरवायचं, की होडी परत सरळ. वेग आणि दिशा दोन्ही त्या एका पात्यात. शर्यत बाहेरून पाहताना माणूस नुसता जोर लावतोय असं वाटतं, पण पाहण्यासारखं असतं ते त्याचं मनगट.

1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये बुखालोव्ह 1000 मीटरमध्ये तिसरा आला. सुवर्ण घेतलं सोव्हिएत संघाच्या इव्हान क्लेमेंत्येव्हने. चार वर्षांत नकाशा बदलला, सोव्हिएत संघ उरला नाही, आणि तोच प्रतिस्पर्धी 1992 ला बार्सिलोनात लाटव्हियाच्या झेंड्याखाली उतरला. या वेळी बुखालोव्हने 4 मिनिटं 5.92 सेकंदांत 1000 मीटर पार केले, क्लेमेंत्येव्ह पाऊण सेकंदाहूनही कमी फरकाने मागे राहिला. 500 मीटरचं सुवर्णही बुखालोव्हचंच होतं आणि तिथला फरक तर पाव सेकंदाचा. बार्सिलोनात बल्गेरियाला एकूण तीन सुवर्णपदकं मिळाली, त्यातली दोन या एका माणसाची.

तेव्हा बल्गेरियाची लोकसंख्या 85 लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याची साधारण दुप्पट. एवढ्या लहान देशात असा खेळाडू एकटा उगवत नाही. ल्युबोमिर ल्युबेनोव्हने 1980 मध्ये मॉस्कोला 1000 मीटरचं सुवर्ण जिंकलं होतं. 1988 मध्ये वान्या गेशेवाने महिलांच्या कयाकमध्ये, म्हणजे कॅनोइंगच्याच दुसऱ्या प्रकारात, 500 मीटरचं सुवर्ण घेतलं होतं. प्लोव्हदिव्ह शहरात शर्यतींसाठी खास खोदलेला सरळ कालवा आहे. 2018 ची जागतिक रोइंग स्पर्धा तिथेच झाली. बुखालोव्हच्या पुढे वाट मळलेली होती, त्याने ती गाजवली. त्याचं मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण वाट होती, हे खरं.

आता चांदवड.

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचं गाव आहे. हा भाग पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा. सोलापूरकराला हे वर्णन करून सांगावं लागत नाही. घरातली पिंपं, टाक्या, कळशा भरून ठेवायच्या आणि पुढचे चार दिवस त्यातच भागवायचे, हे आमच्या घरोघरचं आहे. अशा तळेगाव रोहीत 5 एप्रिल 1991 रोजी दत्तू बबन भोकनळ जन्मला. वडील विहिरी खोदायच्या कामावर जात. दत्तू थोरला, पाठीवर दोन भाऊ. शाळकरी वयातच तोही वडिलांच्या हाताखाली कामाला लागला.

विहिरीचं काम ज्यांनी जवळून पाहिलं नाही, त्यांना त्याचा अंदाज येणार नाही. वरची काळी माती निघते, मग मुरूम लागतो, आणि मुरुमाखाली कातळ. तिथून पुढे घण, छिन्नी, पहार आणि सुरुंग. सुरुंग उडाल्यावर फुटलेला दगड घमेल्यात भरायचा, घमेली मोठ्या डब्यात ओतायची, आणि वर काठावरची यारी तो डबा ओढून घेते. डबा डोक्यावरून जात असताना खालच्या माणसाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. विहिरीची खोली गावाकडे परसात मोजतात. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढा एक परस. तीन परसांखाली वारा लागत नाही. पाच परसांखाली दुपारीही सावलीच असते आणि अंगातून मात्र घामाच्या धारा. हे सगळं कशासाठी, तर पाण्यासाठी. पण खोदणाऱ्याचा पाण्याशी संबंध येतो तो शेवटच्या दिवशी. झरा लागला, पायाखाली ओल आली, की त्याचं काम संपलं. पाणी भरतं तेव्हा तो पुढच्या गावाला गेलेला असतो.

म्हणूनच दत्तूला पाण्याची भीती होती, याचं मला नवल वाटत नाही. कोरड्या मुलखातलं पोर पाण्याला भितं ते अनुभवाने. आमच्याकडे विहिरीत बुडालेल्याची एखादी तरी गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असते. पोहायला शिकवणारं मात्र घरात कुणी असेलच असं नाही.

2011 मध्ये हाडांच्या कर्करोगाने वडील गेले. घरची सगळी जबाबदारी वीस वर्षांच्या दत्तूवर आली. मिळेल ते काम तो करत होता, रात्री पेट्रोल पंपावरही उभा राहत होता. पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, तो सैन्यात भरती झाला. पुण्याजवळ खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं केंद्र आहे, बॉम्बे सॅपर्स म्हणून ओळखलं जाणारं. तो तिथे दाखल झाला ते कुटुंब सावरायला, खेळायला नव्हे.

तिथे त्याच्या उंचीकडे प्रशिक्षक कुदरत अली यांचं लक्ष गेलं. सहा फुटांच्या वर उंची, लांब हात, आणि विहिरीच्या कामाने घडलेली पाठ. रोइंगला असा बांधा हवा असतो. 2013 मध्ये दत्तू दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारातल्या आर्मी रोइंग नोडमध्ये गेला आणि वर्षभरातच राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदकं घ्यायला लागला. होडीत पहिल्यांदा बसला तेव्हा त्याचं वय बाविशीच्या आसपास होतं. युरोपातली मुलं बारा-तेराव्या वर्षी ज्या होडीत बसतात, त्या होडीत.

ती होडी कशी असते, ते आता नीट पाहू. एकट्याने दोन वल्ही चालवायच्या प्रकाराला सिंगल स्कल म्हणतात. होडी साधारण 27 फूट लांब असते. म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या ओलांडून टोक बाहेर येईल एवढी. आणि रुंदी? माणूस जेमतेम बसेल इतकी, पाण्याच्या रेषेवर फुटाच्या आसपास. नियमाप्रमाणे वजन किमान 14 किलो, म्हणजे भरलेल्या हंड्याएवढं. लांबट आणि हलकी, म्हणून ती वेगाने कापत जाते, आणि त्याच कारणाने ती कुठल्याही क्षणी कलंडू शकते. दोन्ही वल्ही पसरलेली असतात तोवरच ती उभी राहते. हातातली वल्ही सोडली की माणूस पाण्यात. पाण्याला भिणाऱ्या मुलाला सगळ्यांत आधी हेच शिकावं लागलं असणार, की घाबरून वल्हं घट्ट आवळलं तर होडी डगमगते, आणि हात सैल ठेवला तर स्थिर होते.

लोकांना वाटतं वल्हवणं हे दंडाचं काम. तसं नाही. होडीत बैठक चाकांवर असते आणि पुढे-मागे सरकते. पाय एका फळीला बांधलेल्या बुटांत. गुडघे छातीशी घेऊन पुढे सरकायचं, पाती पाण्यात टाकायची आणि पायांनी फळी दाबायची. आधी मांड्या, मग कंबर, मग पाठ आणि सगळ्यांत शेवटी हात. जोराचा सर्वांत मोठा वाटा पायांचा. नंतर पाती पाण्याबाहेर काढून हळू पुढे यायचं, आणि पुन्हा तेच. मिनिटाला तीस-पस्तीस वेळा, सात मिनिटं. एका शर्यतीत दोनशेहून अधिक फटके होतात. पहिल्या मिनिटातच स्नायूंना प्राणवायू पुरेनासा होतो, मधल्या हजार मीटरमध्ये मांड्या पेटतात आणि शेवटच्या पाचशेला जे उरलं असेल ते ओतायचं.

खोल खड्ड्यातून दगड उचलणारा माणूसही याच क्रमाने उचलतो. नुसत्या हाताने उचलायला गेला तर पाठ जाते. आधी पाय रोवायचे, मग कंबर सरळ करायची, मग हात. दत्तूच्या शरीराला हा क्रम आधीपासून ठाऊक होता, असं मला वाटतं. कष्टाने खेळाडू घडतो असा माझा दावा नाही. बहुतेक वेळा कष्टाने माणूस झिजतो, आणि विहिरीच्या तळाशी झिजून गेलेली त्याच्या उंचीची कितीतरी पोरं असतील. त्याच्याकडे कुणीतरी वेळेत पाहिलं, एवढाच फरक.

2015 मध्ये बीजिंगच्या आशियाई रोइंग स्पर्धेत त्याला सिंगल स्कलमध्ये रौप्य मिळालं. आणि एप्रिल 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजूला ऑलिम्पिक पात्रता शर्यतीत तो दुसरा आला. रिओला जाणारा त्या वर्षीचा तो एकमेव भारतीय रोअर.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला आईला अपघात झाला होता. डोक्याला मार लागला आणि स्मृती गेली. मुलगा ऑलिम्पिकला निघाला आहे हे तिला सांगून कळत नव्हतं, समोर उभा असलेला आपला मुलगा आहे हेही तिला उमगत नव्हतं. वडील गेलेले, आई अशी. घर आणि सराव या दोन टोकांमध्ये ओढला जात त्याने ते महिने काढले.

ऑगस्ट 2016. रिओ शहराच्या मधोमध असलेलं लागोआ सरोवर. पुरुषांच्या सिंगल स्कलमध्ये 32 खेळाडू. पहिल्या दिवशी वारा इतका होता की सगळ्यांच्याच वेळा घसरल्या, आणि पुढचा दिवस तर पूर्ण रद्द करावा लागला. दत्तू आपल्या पहिल्या शर्यतीत 7 मिनिटं 21.67 सेकंदांत तिसरा आला आणि उपांत्यपूर्व फेरीत पोचला. तिथे पहिले तीनच पुढे जाणार होते. त्याने 6 मिनिटं 59.89 सेकंद अशी वेळ दिली, सात मिनिटांच्या आत आला, आणि चौथा राहिला.

इथे रोइंगची एक पद्धत समजून घ्यायला हवी, कारण तिच्यामुळेच त्याची कामगिरी आपल्याकडे नीट पोचली नाही. बाद झालेला खेळाडू इथे घरी जात नाही. सहा-सहा जणांच्या वेगवेगळ्या अंतिम शर्यती होतात. 'ए' शर्यतीत पदकं ठरतात, 'बी' मध्ये सातवा ते बारावा क्रमांक, 'सी' मध्ये तेरावा ते अठरावा. प्रत्येकाचा जगातला क्रमांक ठरूनच स्पर्धा संपते. पदकाची आशा संपल्यावरही दत्तूला दोनदा त्या पाण्यात उतरायचं होतं, आणि पुन्हा तेवढंच जळायचं होतं. 'सी' अंतिम शर्यत त्याने जिंकली, 6 मिनिटं 54.96 सेकंदांत. ऑलिम्पिकमधली ही त्याची सर्वांत चांगली वेळ. क्रमांक तेरावा.

सुवर्ण न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेलने जिंकलं, 6 मिनिटं 41.34 सेकंदांत. क्रोएशियाचा दामीर मार्टिन याचीही वेळ हुबेहूब तीच होती, छायाचित्र पाहून निर्णय द्यावा लागला. वेगवेगळ्या शर्यतींतल्या वेळांची काटेकोर तुलना होत नाही, वारा बदलतो. तरी अंदाजासाठी सांगतो, त्या वेगाने दत्तू आणि सुवर्ण यांच्यात 65 मीटरच्या आसपास पाणी होतं. दोन हजार मीटरमध्ये पासष्ट. होडीत बसायला लागून तीन वर्षं झालेला माणूस ऑलिम्पिक विजेत्याच्या मागे एवढ्यावर होता. 2008 मध्ये बजरंगलाल ताखर याच प्रकारात एकविसावा आला होता, 2012 मध्ये स्वर्ण सिंग सोळावा. त्या हिशेबाने तेरावा क्रमांक ही केवढी मोठी झेप होती ते कळावं. पदक नाही म्हणून आपण ती पाहिलीच नाही, ही आपली चूक.

दोन वर्षांनी आशियाई खेळ आले. इंडोनेशियात पालेमबांग शहरातलं जाकाबारिंग सरोवर. 23 ऑगस्ट 2018 ला सिंगल स्कलची अंतिम शर्यत होती आणि पदक येणार असं सगळे धरून चालले होते. दत्तूच्या अंगात ताप होता. शर्यतीच्या मध्यात त्याचं शरीर बंद पडल्यासारखं झालं. तो शेवटचा आला, आणि वेळ होती 8 मिनिटं 28.56 सेकंद. रिओतल्या वेळेपेक्षा दीड मिनिट जास्त. त्या दिवशी भारताच्या एकाही रोअरला पदक मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांची शर्यत होती, क्वाड्रपल स्कल. एका होडीत चार माणसं, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही. स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओम प्रकाश, सुखमीत सिंग. चौघांच्या होडीत एकाचा ताल चुकला तर आठ पाती एकमेकांच्या आड येतात. आदल्या दिवशी कोसळलेल्या माणसाला या होडीत बसवणं ही जोखीमच होती. त्यांनी 6 मिनिटं 17.13 सेकंदांत शर्यत मारली. इंडोनेशिया दुसरा, थायलंड तिसरा. पाठीमागच्या बाजूला शेवटची रेषा, समोर मागे पडणाऱ्या होड्या. जिंकणाऱ्या रोअरला सगळे प्रतिस्पर्धी समोर दिसतात, हे या खेळातलं सुख आहे.

या चौघांची गावं पाहा. स्वर्ण आणि सुखमीत दोघे पंजाबातल्या मानसा जिल्ह्यातले, ओम प्रकाश राजस्थानचा, दत्तू चांदवडचा. चौघेही सैन्यातले. एकाच्याही गावाजवळ समुद्र नाही. 2010 मध्ये आशियाई खेळांत भारताला रोइंगचं पहिलं सुवर्ण मिळवून देणारा बजरंगलाल ताखरही राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यातला. पाण्याचा खेळ आणि खेळाडू सगळे कोरड्या मुलखातले. याचं कारण साधं आहे. आपल्या देशात हा खेळ नदीकाठच्या गावांतून वाढला नाही, तो छावण्यांतून वाढला. होड्या, प्रशिक्षक, खुराक, नोकरी हे सगळं एका जागी मुख्यतः सैन्याकडे होतं, आणि सैन्यात कोरडवाहू शेतीच्या घरांतली पोरंही जातात.

त्या सुवर्णानंतरचं वर्ष दत्तूला फार कठीण गेलं. 23 ऑगस्टची ती एकट्याची शर्यत त्याने मुद्दाम सोडली, असा ठपका ठेवून राष्ट्रीय महासंघाने 2019 मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. तब्येत बरी नव्हती, हे त्याचं म्हणणं. त्याने दाद मागितली आणि जानेवारी 2020 मध्ये बंदी उठली. पण रोअरचं शरीर सरावाविना थांबत नाही, ते उतरत जातं. टोकियो ऑलिम्पिकची तयारी ज्या काळात व्हायची, तोच काळ यात गेला. त्याच 2020 साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आजारी माणसाची शर्यत आणि सोडून दिलेली शर्यत यांतला फरक ठरवायला डॉक्टरचा कागद लगेच, त्याच दिवशी, काठावर तयार व्हायला हवा, एवढं तरी या प्रकरणातून शिकायला हरकत नव्हती.

कॅनोइंगमध्ये तर आपण अजून उंबरठ्यावरच आहोत. 1994 मध्ये हिरोशिमाच्या आशियाई खेळांत सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी दोघांच्या कॅनोत 1000 मीटरमध्ये कांस्य मिळवलं होतं. त्यानंतरचं पदक आलं ते ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊला, त्याच प्रकारात, अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांचं. मध्ये एकोणतीस वर्षं गेली. यातला सुनील मणिपूरचा, लोकटाक सरोवराच्या परिसरात वाढलेला. पाण्याकाठचं पोर पाण्याच्या खेळात आलं, असं आपल्याकडे क्वचित घडतं.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. सोलापूर दुष्काळी, हे खरंच. पण भीमेवरचं उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे. 1980 मध्ये पूर्ण झालेलं, सुमारे 117 टीएमसी पाणी साठवणारं. भरलं की त्याचा फुगवटा मैलोगणती पसरतो. सोलापूर शहराजवळ एकरूख तलाव आहे, ज्याला आम्ही हिप्परग्याचा तलाव म्हणतो, 1871 पासूनचा. वारा अडवलेला आणि दोन किलोमीटर सरळ असा पाण्याचा पट्टा शर्यतीला लागतो. उजनीच्या फुगवट्यात अशी जागा शोधायला कुणी निघालं, तर ती मिळेल असा माझा विश्वास आहे. पुण्यात संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, तिथलं नदीचं पाणी काही फार मोठं नाही.

अडचण पाण्याची नाहीच, ती भीतीची आहे, आणि ही भीती खोटी नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. धरणाच्या काठावरच्या गावांना रोजच्या कामासाठी हे पाणी ओलांडावं लागतं. तिथल्या मुलांना पोहता येणं आणि होडी हाताळता येणं ही आधी जिवाची गरज आहे, खेळ त्यानंतर. दत्तूने बाविशीत ही भीती मोडली, आणि तीही सैन्याने मोडायला लावली म्हणून. हे काम बाराव्या वर्षी होऊ शकतं.

करमाळा, माढा, पंढरपूर, उत्तर सोलापूर इथल्या शाळांत खेळ शिकवणारे जे शिक्षक हे वाचत असतील, त्यांना माझं एकच सांगणं आहे. कबड्डीच्या संघात न बसलेली, वर्गात मागच्या बाकावर बसणारी उंच, लांब हातांची मुलंमुली तुमच्याकडे असतील. या उन्हाळ्यात त्यांना लाइफ जॅकेट घालून, पट्टीच्या पोहणाऱ्याला बरोबर घेऊन पोहायला शिकवा. होडीचं पुढे बघू.